पिकतं खूप, मग अंगी का लागत नाही?

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकजवळच्या गिरणारे गावात भल्या सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला बोचकी घेऊन बसलेली असतात. बागायतदार पिकअप घेऊन येतात, रोजाचा भाव ठरतो आणि टोळी गाडीत चढते. एकदा थंडीत मी तिथं उभा होतो. शेजारी बसलेल्या बाईनं फडक्यातली भाकरी सोडून अर्धी पोराला दिली. तांदळाची भाकरी, त्यावर मिरचीचा ठेचा. त्या भागात नागली, म्हणजे नाचणी, पिकते, म्हणून मी विचारलं, नागलीची नाही का केली? "नागली दिवाळीतच गेली," ती म्हणाली. "दुकानाचं देणं होतं."

त्या दिवशी ती ज्या बागेत मणी विरळायला गेली असेल, तिथली द्राक्षं कदाचित युरोपात जाणार होती. लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, घोटीचा तांदूळ. नाशिक जिल्हा साऱ्या देशाला खाऊ घालतो, तरी दर पावसाळ्यात याच जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून कुपोषणाच्या बातम्या येतात. पिकवणारे हात आणि उपाशी पोट एकाच घरात कसं काय? हे समजून घ्यायचं तर 'अन्नसुरक्षा' हा सरकारी वाटणारा शब्द आधी सोडवून घ्यावा लागतो.

चार साधी क्रियापदं

१९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली. तिथं ठरलेल्या व्याख्येचा मथितार्थ असा: सगळ्या माणसांना, सगळ्या काळात, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं, तर तिथं अन्नसुरक्षा आहे. तज्ज्ञ त्याचे चार भाग पाडतात. आपल्या बोलीत ते चार क्रियापदांत बसतात: पिकणं, परवडणं, अंगी लागणं आणि टिकणं.

पिकणं म्हणजे शेतात किंवा बाजारात धान्य असणं. परवडणं म्हणजे ते घरी आणण्याइतका पैसा, जमीन किंवा हक्क हातात असणं. अंगी लागणं म्हणजे खाल्लेलं शरीराला मिळणं. त्यासाठी अन्न चौरस हवं, पाणी स्वच्छ हवं, पोट बरं हवं. आणि टिकणं म्हणजे हे तिन्ही बाराही महिने चालू राहणं. चार पायांच्या बाजेसारखं आहे हे. एक पाय आखूड असला तर उरलेले तीन कितीही मजबूत करा, बाज डुगडुगणारच.

आपली सगळी चर्चा मात्र पहिल्याच पायाभोवती फिरते. पीक किती आलं, पेरा किती झाला, कोठारात साठा किती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्या वर्षी बंगालात धान्याची उपलब्धता आधीच्या वर्षांपेक्षा फार कमी नव्हती, असं अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं. महागाईत शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मजुरी तांदळाच्या भावापुढे तोकडी पडली आणि दुकानात धान्य असताना ती माणसं गेली. बाजेचा दुसरा पाय मोडला होता.

रेशन तर फुकट मिळतं ना?

हा प्रश्न मला शहरात हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. या धान्यानं असंख्य घरांतली चूल पेटती ठेवली आहे. ते बंद झालं तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही.

पण हिशेब करून बघा. ५ किलो भागिले ३० दिवस म्हणजे माणशी रोज साधारण १६५ ग्रॅम. त्यातून सहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या माणसाला त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. उरलेलं विकत घ्यायचं. डाळ, तेल, भाजी, अंडं, दूध हे तर सगळंच विकत. शिवाय तांदूळ आणि गहू पोट भरतात, पण नुसत्या भातावर मूल वाढत नाही.

कामासाठी गाव सोडलेल्या कुटुंबाचा पेच आणखी वेगळा. आता 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य उचलता येतं. पण बागेवरच्या पडावात राहणाऱ्या, रोज सातला कामावर जाणाऱ्या बाईनं दुकान कधी गाठायचं, अंगठा कधी लावायचा आणि त्या दिवसाचा रोज कोण देणार?

इतका पाऊस पडतो, तरी भूक पावसाळ्यातच का?

मला या विषयातला सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग हा वाटतो, म्हणून इथं थोडं थांबतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा घाटमाथ्याचा पट्टा. पाऊस धो धो कोसळतो आणि नार, पार, दमणगंगा यांच्या वाटेनं पश्चिमेला निघून जातो. उतारावरच्या वरकस जमिनीत माती पातळ, पाणी धरत नाही. उन्हाळ्यात याच गावांतल्या बाया तळ गाठलेल्या विहिरीत वाटीवाटीनं पाणी भरतात. म्हणजे पीक एकच, खरिपाचं: नागली, वरई, भात, थोडा उडीद, थोडी खुरासणी.

आता वर्षाचं चक्र बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवं धान्य घरात येतं. त्यातलं काही देण्यात जातं, काही बियाण्याला राहतं, बाकी बांबूच्या कणगीत. मग माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांकडे उतरतात. ऑक्टोबर छाटणीनंतरचं डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, मग खुडा. एप्रिलपर्यंत काम मिळतं. मेच्या अखेरीस घरी परत, राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा), रोपं टाकायची, मग चिखलणी, लावणी. आषाढ-श्रावणात घरातली सगळी माणसं सगळ्यात जास्त राबत असतात आणि नेमकी तेव्हाच कणगी तळाला गेलेली असते. काम स्वतःच्या शेतात, म्हणून मजुरी नाही. हंगामाचे पैसे बियाणं, खत, आजारपण, लग्न यांत संपलेले. त्यात गढूळ पाणी, जुलाब, हिवताप. मुलांची वजनं याच दिवसांत घसरतात.

पगारदार वाचकांनी असं समजावं की वर्षाचा सगळा पगार नोव्हेंबरात एकदाच हातात पडतो, तोही गेल्या वर्षीचं देणं कापून, आणि घरचा मोठ्यात मोठा खर्च येतो ऑगस्टमध्ये.

या काळासाठी आपल्याकडे एक शब्दच आहे: खावटी. पावसाळ्यात खायला धान्य नसतं म्हणून घेतलेली उसनवारी. सावकाराकडून घेतलेली खावटी येत्या पिकातून फेडायची, म्हणजे पुढच्या वर्षीची कणगी आधीच रिकामी व्हायला लागते. हे थांबावं म्हणून राज्य सरकारनं आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना आणली. या महामंडळाचं मुख्य कार्यालय नाशिकमध्येच आहे. करोनाच्या काळात या कर्जाऐवजी कुटुंबाला ४,००० रुपयांचं अनुदान जाहीर झालं, अर्धं रोख आणि अर्धं वस्तूंच्या रूपात. मदत किती, याच्याइतकंच ती कधी पोचते हेही महत्त्वाचं असतं. आषाढात मिळालेलं धान्य आणि मार्गशीर्षात मिळालेलं तेच धान्य यांची किंमत त्या घराला सारखी नसते.

पोट भरलं तरी मूल का वाढत नाही?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली होती. आणखी एक आकडा जास्त काळजीचा आहे. उंचीच्या मानानं वजन कमी असलेली, म्हणजे रोडावलेली मुलं २५ टक्क्यांहून जास्त. देशाची सरासरी १९ च्या आसपास असताना आपल्या पुढारलेल्या राज्यात ही स्थिती. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी.

उंची खुंटणं हे फार दिवस साठत गेलेल्या कमतरतेचं लक्षण. आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे साधारण हजार दिवस यात निर्णायक असतात. त्या हजार दिवसांत दोन-तीन पावसाळे येतातच, दोन-तीन स्थलांतरंही येतात.

बागेच्या कडेला फाटक्या साडीची झोळी बांधलेली तुम्ही पाहिली असेल. आठ महिन्यांचं बाळ झोळीत, त्याला सांभाळायला सहा-सात वर्षांची बहीण. आई वेलीखाली. या वयाच्या बाळाला थोडं थोडं, मऊ, घट्टसर, दिवसातून अनेकदा भरवावं लागतं. त्याची आई दिवसभरात दोनदा येऊ शकते. घरात धान्य असूनही बाळ उपाशी राहतं, कारण भरवायला वेळ नाही. आईचा वेळ हेही एक अन्नच आहे, हे सरकारी तक्त्यात कुठं दिसत नाही. म्हणून हंगामापुरतं बागेजवळचं पाळणाघर हा मला पोषणाचा कार्यक्रम वाटतो, कामगार कल्याणाचा तर तो आहेच.

दुसरी गळती पाण्याची. सतत जुलाब होणाऱ्या मुलाला कितीही खाऊ घाला, ते फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही ती: घरातली बाई शेवटी जेवते, आणि कमी असेल तर कमीच जेवते. २०१५ पासून राज्यात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिथं बसून जेवायचं, घरी न्यायचं नाही, यामागचं कारण हेच. घरी नेलेला डबा सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला तळ येतो.

मग नागलीच परत आणा की!

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं आली. नागलीचं कौतुक योग्यच आहे. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. ती उतारावर येते, कमी खत मागते, कणगीत वर्षानुवर्षं टिकते. घाटमाथ्यावर कणसरीला, म्हणजे धान्यालाच, देवी मानतात.

तरीही पेरा कमी का होत गेला, ते त्या बायांना विचारावं. राब भाजण्यापासून कणसं खुडून, बडवून, पाखडून, दळून भाकरी होईपर्यंतचे कष्ट बहुतेक त्यांचेच. रेशनचा तांदूळ धुवून चुलीवर ठेवला की काम झालं. "नागली खा" असा उपदेश करण्यापेक्षा पाड्यावर मळणीचं छोटं यंत्र आणि गिरणी बसवणं जास्त उपयोगाचं.

आणि एक सावधगिरी. शहरात नागलीला चांगला भाव आला तर पिकवणारं घर ती सगळी विकून टाकू शकतं, आणि स्वतः तांदूळ खाऊ शकतं. गिरणारेतल्या त्या बाईची नागली देण्यापायी अशीच गेली होती. विकण्याआधी घरापुरती बाजूला काढता येईल, इतकी उसंत त्या घराला हवी. म्हणजे पुन्हा देण्याचा, खावटीचा प्रश्न आला. बियाण्याचंही तसंच. इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीज बँक उभी केली, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरात बी असलं की जूनमध्ये बियाण्यासाठी उधारी करावी लागत नाही, हा त्या कामातला पोटापाण्याचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

शेळी दिली तर ती विकून खातील, त्याचं काय?

मदत नेमकी कशाची करावी, यावर जगभर वाद आहे. कोणी म्हणतं जनावर द्या, कोणी बी-बियाणं, कोणी प्रशिक्षण, कोणी थेट पैसे. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेनं २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी वेगळी वाट काढली: सगळं एकत्र, ठरावीक मुदतीसाठी. कुटुंबाला शेळ्या किंवा गाय किंवा छोट्या धंद्याचं साहित्य, पहिले काही महिने खाण्यापुरती रोख मदत, जनावर सांभाळायचं शिक्षण, बचतीची सवय, आजारपणात आधार, आणि नियमितपणे घरी येऊन विचारपूस करणारा माणूस. साधारण दोन वर्षांनी मदत थांबते.

यातली खाण्यापुरती मदत कळीची आहे. शेळी दूध आणि करडं देईपर्यंत घरानं काय खायचं? ती सोय नसेल तर शेळी विकावीच लागते, त्यात त्या माणसाचा दोष नाही. विहिरीवर नुसती मोटार नेऊन ठेवली, स्टार्टर नाही, केबल नाही, पाइप नाही, तर पाणी चढेल का? एकेकट्या योजनांचं असंच होतं.

या पद्धतीची चाचणी इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून जास्त कुटुंबांवर झाली. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत थांबून वर्ष झाल्यावरही ही कुटुंबं, मदत न मिळालेल्या तशाच कुटुंबांपेक्षा जास्त खात होती, जास्त कमावत होती. पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांकडे पुन्हा दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हाही फरक टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या रोगानं मेल्या आणि तिथला फायदा विरला.

होंडुरासची ती गोष्ट आपल्याला जवळची आहे. नाशिक-नगर भागाची स्वतःची संगमनेरी शेळी आहे, इथल्या हवेला सरावलेली. गाभण राहिली की पाच महिन्यांत विते, घरची बाई आणि मुलं मिळून सांभाळतात, म्हणून तिला गरिबाची गाय म्हणतात. पण पावसाळ्याच्या तोंडावर पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस टोचली नाही तर आठवड्यात दावण रिकामी होते. शेळीवाटपाचे फोटो छापून येतात. लसीची शीतपेटी घेऊन चिखलातून पाड्यावर पोचणाऱ्या माणसाचा फोटो मी तरी पाहिलेला नाही, आणि शेळी जगते ती त्याच्यामुळे.

पहिली पाट, म्हणजे मादी करडू, दुसऱ्या घराला द्यायची, अशी अट काही कार्यक्रमांत असते. अर्ध्या वाट्यानं शेळी सांभाळायला देण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच, त्यामुळे लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही.

जमीन कोणाच्या नावावर आहे?

सुरगाण्याला लागून असलेल्या गुजरातच्या वांसदा भागात बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेनं १९८२ मध्ये 'वाडी' सुरू केली. एकरभर उतारावर आंबा-काजूची कलमं, मध्ये भाजीपाला किंवा नागली, कडेनं कुंपणाला आणि जळणाला झाडं, आणि पाणी अडवायची सोय. आंबा धरायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर आंतरपीक घर चालवतं. पुढे नाबार्डनं हीच कल्पना देशभरच्या आदिवासी भागांत नेली. बागेत काम करायला दिंडोरीला जाणारा माणूस स्वतःच्या बागेसाठी घरी थांबू लागतो, हा वाडीचा खरा लाभ.

पण जी जमीन उद्या वनखातं काढून घेईल, तिच्यात पाच वर्षांनी फळ देणारं झाड कोण लावेल? पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा कायदा २००६ मध्ये झाला, कुटुंबाला जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. दावे वर्षानुवर्षं अडकून राहिले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवतो? फुटलेल्या पायांच्या त्या माणसांत याच घाटमाथ्यावरची माणसं मोठ्या संख्येनं होती, आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. नाव लागलं की पीककर्ज मिळतं, विमा मिळतो, विहीर मंजूर होते. आणि सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागलं, तर ते तिच्या ताटापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

सगळ्यांनी नगदी पीकच का लावू नये?

सुरगाण्याच्या घाटमाथ्यावर आता स्ट्रॉबेरी होते, आणि काही घरांत तिनं चार पैसे आणले आहेत. दिंडोरीतल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी दाखवते की छोटे शेतकरी एकत्र आले तर निर्यातीपर्यंत जाता येतं. नगदी पिकानं 'परवडणं' नक्कीच सुधारतं.

'टिकणं' मात्र डळमळू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका आदेशानं बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उघडली. मधल्या काळात भाव कोसळले. वीस एकरवाला तो फटका कर्ज काढून सोसतो. दोन एकरवाल्याचं त्या वर्षीचं जेवण त्यात जातं. म्हणून मला वाटतं, छोट्या घरानं खाण्यापुरतं रान वेगळं ठेवावं: नागली, उडीद, परसात शेवगा, चार वेल, चार कोंबड्या. उरलेल्या रानात जोखीम घ्यावी. शेतीतज्ज्ञ याला मागासलेपणा म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण आषाढात चूल पेटवायची जबाबदारी त्यांच्यावर नसते.

योजना चालली की नाही, ओळखायचं कसं?

एकरी किती क्विंटल, किती शेळ्या वाटल्या, किती महिला प्रशिक्षित झाल्या, असे आकडे अहवालात येतात. मी आता पाड्यावर गेलो की एकच विचारतो: कणगी कुठल्या सणापर्यंत जाते? होळी म्हणणारी घरं अजून पुष्कळ आहेत. काही आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, म्हणतात.

पेठ तालुक्यातल्या एका घरात हे विचारलं, तेव्हा ज्येष्ठ नुकता लागला होता. शेणानं लिंपलेल्या कणगीवर म्हातारीनं वरपासून खालपर्यंत थापा मारल्या. वर पोकळ आवाज आला, कमरेच्या खाली भरीव. तिनं तिथंच हात ठेवला.

"औंदा पितरांपर्यंत जाईल," ती म्हणाली. "मग लवकर येणारी हळवी निघतेच."